दर कोणाचा, केव्हाचा? एआय एजंटला स्पष्ट सांगायला हवे

सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या संगणक प्रणालीला एआय एजंट म्हणतात. आजचा डॉलरचा दर अशा एजंटच्या स्मरणात नसतो. तो बाहेरून मागवावा लागतो आणि मागवण्याच्या या सोयीला 'टूल' हे नाव आहे. ओपनएआयने जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' ही सुविधा दिली, तर अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. दोन्हींत टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवायच्या माहितीचा आराखडा देण्याची सोय आहे.

टूलमागील प्रोग्रॅम एजंटला सहसा दिसत नाही. कोणते टूल वापरायचे आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे तो मुख्यतः वर्णनावरूनच ठरवतो. शेणव्याच्या शेतकऱ्याला भाताचा भाव नुसता आकड्यात सांगून चालत नाही. तो मणाचा की क्विंटलचा, आजचा की गेल्या आठवड्याचा, हे तो विचारतोच. एजंट मात्र असे विचारेलच याची खात्री नसते. वर्णन मोघम असेल तर चुकीचा आकडाही तो ठामपणे पुढे करू शकतो.

एका दिवसाचे अनेक दर

डॉलर, पौंड, युरो व येन यांचे रुपयातील संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढत असे. जुलै २०१८ पासून ते काम मुंबईच्या फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे आहे. हे दर कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर तेथील दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे भारतात सायंकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतात. त्यांवर आधारलेल्या टूलकडे सकाळी विचारणा केल्यास मिळणारा दर आदल्या कामकाजाच्या दिवसाचा असतो.

संदर्भ दर हा बँकेच्या खिडकीवरचा दरही नव्हे. आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्याला बँकेचा खरेदी दर लागू होतो आणि मुलाची परदेशातील फी भरणाऱ्याला विक्री दर. सीमाशुल्क आकारणीसाठी सरकारी दर वेगळे असतात.

वर्णनात काय हवे?

* स्रोत आणि प्रकार : दर कोणत्या संस्थेचा, संदर्भ दर, बाजारातील चालू दर की बँकेचा खरेदी-विक्री दर.
* चलन : 'डॉलर' म्हणजे अमेरिकी, सिंगापूरचा की ऑस्ट्रेलियाचा, हा घोळ टाळण्यासाठी आयएसओ ४२१७ या मानकातील तीन अक्षरी संकेत मागावेत.
* दिशा व एकक : एका डॉलरला किती रुपये, की एका रुपयाला किती डॉलर? येनचा रुपयातील संदर्भ दर १०० येनमागे दिला जातो. हे वर्णनात नसेल तर हिशेब शंभरपट चुकतो.
* वेळ : दराची तारीख व वेळ उत्तरासोबत यावी. सुट्टीच्या दिवशी मागील दर मिळणार असेल, तर तसे नमूद करावे.
* मर्यादा : टूल कशासाठी वापरू नये, हेही लिहावे.
* अपयश : दर न मिळाल्यास शून्य किंवा अंदाजी आकडा न देता 'दर उपलब्ध नाही' असा स्पष्ट संदेश द्यावा.

एक नमुना

'चलनाचा दर देते' हे वर्णन अपुरे आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : 'फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाचा अमेरिकी डॉलर, पौंड, युरो किंवा येनचा रुपयातील संदर्भ दर देते. येनचा दर १०० येनचा, इतरांचा एका एककाचा. दर दिवसातून एकदाच बदलतो; सुट्टीच्या दिवशी आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर त्याच्या तारखेसह मिळतो. चालू बाजारभाव, बँकेचा खरेदी-विक्री दर किंवा सीमाशुल्काचा दर हवा असल्यास हे टूल वापरू नये.'

एका एजंटकडे संदर्भ दराचे आणि चालू भावाचे अशी दोन टूल असतील, तर प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्यापासूनचा फरक सांगावा. नुसत्या लांबीने मात्र स्पष्टता येत नाही. टूलच्या अंतर्गत रचनेचा तपशील एजंटला निवड करताना उपयोगी पडत नाही.

वर्णनाची कसोटी सोपी आहे. रविवारचा दर, १०,००० येनचे रुपये, बँकेत प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम, असे अडचणीचे प्रश्न एजंटला विचारून पाहावेत. चूक झाली तर वर्णनातील कोणत्या वाक्याने गैरसमज झाला ते शोधून तेच वाक्य दुरुस्त करावे. नव्या नोकराला काम समजावताना जे बोलून सांगितले असते, ते येथे लिहून ठेवावे लागते. कारण त्या आकड्यावर विसंबून कोणीतरी आपले पैसे पाठवणार असते.