ईस्टरची तारीख एक व्हावी का?

२० एप्रिल २०२५ रोजी जगातील जवळजवळ सर्व ख्रिस्ती पंथांनी ईस्टर एकाच दिवशी साजरा केला. यात विशेष ते काय, असा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावच्या एखाद्या घरात भिंतीवरचे कालनिर्णय चाळले, तर गुड फ्रायडे आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर असा एकच उल्लेख सापडतो. वसईचे कॅथलिक, अहिल्यानगरच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या आणि वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यापासून पसरलेल्या अलायन्स मिशनच्या मंडळ्या असे सारेच त्या एका तारखेला पुनरुत्थानाचा सण पाळतात. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन आदी सहा परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा ईस्टरच्या तारखेवर वाद घालण्याचे कारणच नव्हते. केरळमधील सुरियानी ऑर्थोडॉक्स मंडळ्यादेखील, पूर्वेकडील वारसा सांगत असूनही, भारतात याच तारखेने चालतात.

भारताबाहेर मात्र चित्र वेगळे आहे. २०२४ मध्ये रोमचा ईस्टर ३१ मार्चला झाला. अथेन्स, मॉस्को व कैरो येथील ऑर्थोडॉक्स चर्चचा ५ मे रोजी. म्हणजे एका घरात सण संपून पाच आठवडे उलटल्यावर शेजारच्या घरात घंटा वाजल्या. लेबनॉनमध्ये तर दोन्ही गुड फ्रायडेंना सरकारी सुटी असते. जेथे ख्रिस्ती लोक अल्पसंख्य आहेत आणि एकाच कुटुंबात पती एका चर्चचा व पत्नी दुसऱ्या चर्चची असते, तेथे हा प्रश्न विद्वानांचा राहत नाही. उपवास कोणी कधी सोडायचा, हा तो प्रश्न असतो.

वादाचे मूळ ख्रिस्ती धर्माइतकेच जुने आहे. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी झाला. वल्हांडण चांद्रतिथीवर ठरतो. ख्रिस्ती परंपरेने पुनरुत्थानाचा वार रविवार धरला. आशिया मायनरमधील काही मंडळ्या वार कोणताही असो, निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीलाच सण पाळीत. रोम रविवारचा आग्रह धरी. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले. तेथील बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांचे या बाबतीत एकमत झाले नाही, तरीही दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेऊन स्नेहाने निरोप घेतला. पुढील पिढीत रोमचे व्हिक्टर यांनी त्याच कारणासाठी आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचा पवित्रा घेतला. तारीख तीच, भेद तोच. फरक पडला तो माणसांच्या स्वभावाचा.

३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या नायसियाच्या परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असे ठरविले. पुढे रूढ झालेला नियम असा, की वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. आकाशाकडे रोज पाहणे शक्य नसल्याने २१ मार्च हा संपातदिन गृहीत धरण्यात आला आणि पौर्णिमा एकोणीस वर्षांच्या चक्रावरून काढली जाऊ लागली. एकोणीस सौरवर्षांत २३५ चांद्रमास बसतात, हे आपल्या पंचांगकर्त्यांनाही परिचित गणित आहे. आपले सात अधिक मास त्यातूनच निघतात.

मात्र ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. साचत साचत ही चूक १५८२ पर्यंत दहा दिवसांची झाली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणून कॅलेंडर जागेवर आणले व पौर्णिमेची कोष्टकेही सुधारली. पूर्वेकडील चर्चने ही सुधारणा नाकारली. सुधारणा करणारा रोमचा पोप होता, हे त्यामागील कारण गणितापेक्षा मोठे होते. आज दोन्ही कॅलेंडरांत तेरा दिवसांचे अंतर आहे. शिवाय जुन्या कोष्टकातील पौर्णिमा आकाशातील पौर्णिमेच्या चार-पाच दिवस मागे राहते. त्यामुळे दोन ईस्टर कधी एकाच दिवशी, कधी एक आठवड्याने, तर कधी चार किंवा पाच आठवड्यांच्या अंतराने येतात.

मराठी वाचकाला ही कहाणी ओळखीची वाटेल. १८६५ च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधसिद्ध गणितावर पटवर्धनी पंचांग सुरू केले, कारण जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक या साऱ्यांनी पंचांगशोधनाचा पाठपुरावा केला. गणित सुधारावे यावर या मंडळींचे एकमत होते. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा यावर नव्हते. टिळकांचा पक्ष रेवती नक्षत्राच्या योगताऱ्याचा, केतकरांचा चित्रा ताऱ्याच्या समोरील बिंदूचा. या दोन बिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. संक्रांती तेवढी अलीकडे सरकली की अधिक मासच बदलतो.

याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. दाते पंचांग व कालनिर्णय यांच्यानुसार त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगात तेव्हा अधिक मास नव्हता, म्हणून ते पाळणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टलाच बसले. दोन्ही पंचांगांचे गणित शुद्ध होते. भेद केवळ आरंभबिंदूचा होता, आणि तो कोणत्याही दुर्बिणीने मिटणारा नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या केंद्र सरकारच्या पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ती राजपत्रावर छापली जाते, पण तिच्यावरून कोणी गौरी बसवीत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांचे सण एका दिवशी येऊ लागले ते परिषदांच्या ठरावांमुळे कमी आणि सोलापूरचे दाते पंचांग व १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले कालनिर्णय घरोघरी पोहोचल्यामुळे अधिक.

चर्चला ही सोपी वाट उपलब्ध नाही. तेथे तारीख धर्मसत्ता ठरविते आणि ती बदलण्याची किंमतही तिलाच मोजावी लागते. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांचे सुधारित कॅलेंडर स्वीकारले आणि ईस्टर जेरुसलेमच्या रेखांशावर, प्रत्यक्ष खगोलीय गणिताने काढावा असे सुचविले. ग्रीसच्या चर्चने पुढील वर्षी स्थिर सणांपुरती ही सुधारणा घेतली, ईस्टरला हातही लावला नाही. तरी जुन्या कॅलेंडरचे अनुयायी फुटून निघाले आणि त्यांची वेगळी चर्च आजही आहेत. ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांच्या सावधपणाला हटवाद म्हणून उडवून लावणे म्हणूनच योग्य नव्हे.

पर्याय तीन आहेत. पहिला, चंद्राचा संबंध तोडून ठरावीक रविवार नेमणे. ब्रिटिश संसदेने १९२८ मध्ये एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार ठरविणारा कायदा केला, तो कधी अमलात आला नाही. सर्व चर्चची संमती असल्यास अशा रविवाराला आपली हरकत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये जाहीर केले. व्यापारी व शाळा यांना तो सोयीचा. पण वल्हांडणाशी असलेले नाते त्यात नाहीसे होते, आणि ते नाते हाच सणाचा गाभा आहे.

दुसरा पर्याय मार्च १९९७ मध्ये सीरियातील अलेप्पो येथील बैठकीत मांडला गेला. नायसियाचा नियम तोच, फक्त संपात व पौर्णिमा खगोलशास्त्राने, जेरुसलेमच्या रेखांशावर काढायच्या. शास्त्रशुद्ध तो खराच. त्यात पाश्चात्त्यांनाही थोडे सोडावे लागते, हे सहसा सांगितले जात नाही. २०१९ मध्ये संपात २० मार्चला व पौर्णिमा २१ मार्चला झाली. या नियमाने ईस्टर २४ मार्चला आला असता. रोमने तो कोष्टकाप्रमाणे २१ एप्रिलला पाळला. अर्थात बदलाचा मोठा भार पूर्वेकडेच पडतो आणि तेथेच फुटीचा धोका आहे.

तिसरा पर्याय सर्वांत कमी चर्चिला जातो. ज्याला बदलाने कमी झळ बसते त्याने पुढे व्हावे, म्हणजे पाश्चात्त्य चर्चने पूर्वेची तारीख घ्यावी. ग्रीस व इजिप्तमधील कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर राहण्यासाठी हेच करतात. गणिताच्या दृष्टीने ही माघार आहे, आणि मे महिन्यात येणारा ईस्टर वऱ्हाडच्या उन्हात फारसा सुखाचा होणार नाही. भारतासारख्या देशांत गुड फ्रायडेची सुटीही हलवावी लागेल. तरीही फूट न पाडता एकत्र येण्याचा हाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सर्वांना मान्य होईल ती तारीख स्वीकारण्याची तयारी बोलून दाखविली होती. त्या वर्षीच्या ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे उत्तराधिकारी पोप चौदावे लिओ यांनी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी नायसिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक, येथे कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासह परिषदेच्या १७०० व्या वर्षानिमित्त प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशीच्या संयुक्त निवेदनात समान तारखेची आशा पुन्हा व्यक्त झाली.

२०२७ मध्ये पश्चिमेचा ईस्टर २८ मार्चला आणि पूर्वेचा २ मे रोजी आहे. २०२८ मध्ये मात्र दोन्ही कोष्टके पुन्हा १६ एप्रिल हा एकच दिवस दाखवितात.