किनाऱ्यावर जाताना कोणते पुस्तक न्यावे?

समुद्रकाठी सुट्टी घालवण्याची रीत फार जुनी नाही, आणि तिच्या मुळाशी एक पुस्तकच आहे. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टराने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. त्या पाण्यात डुंबा, ते प्या, ग्रंथींचे आजार बरे होतील, असे त्याचे म्हणणे. ब्रायटन हे मासेमारांचे गाव बघता बघता श्रीमंतांचे हवा पालटण्याचे ठिकाण झाले. आधी रोगी आले, त्यांच्या मागोमाग धडधाकट माणसे आली. दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उभा राहताच वर्गणी घेऊन पुस्तके देणारी वाचनालये किनाऱ्यावर निघाली. पुढे आगगाडी आली. १८४८ साली लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथचा पुस्तकांचा स्टॉल लागला, लगेच रूटलेजने प्रवाशांसाठी स्वस्त ‘रेल्वे लायब्ररी’ काढली, आणि १९३५ साली पेंग्विनने सहा पेन्सला एक या भावाने चांगली पुस्तके विकायला सुरुवात केली. आपल्याकडे व्हीलरचा स्टॉल १८७७ साली अलाहाबादच्या स्थानकावर सुरू झाला. सुट्टीचे पुस्तक म्हणजे हलके, स्वस्त, वाचून विसरण्याजोगे, हा समज या सगळ्या व्यापारातून रुजला.

हलके पुस्तक वाचण्यात काही गुन्हा नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस रहस्यकथा वाचली तर कोणी नाके मुरडू नयेत. पण ब्रायटनच्या किनाऱ्यावर बसलेल्या त्या वाचकाला समोरचा समुद्र रिकामा होता. तो त्याच्यासाठी हवा होता, देखावा होता. आम्हा मराठी मुसलमानांचे तसे नाही. मे महिन्यात मुंबईहून निघालेला चाकरमानी किंवा आखातातून रजेवर आलेला मुलगा रत्नागिरी-रायगडच्या गावात उतरतो तो पर्यटक म्हणून नव्हे, तो आपल्या घरी येतो. देशावरचे आमचे भाऊबंदही आता मुलाबाळांना घेऊन अलिबागला, दापोलीला, गुहागरला जाऊ लागले आहेत. आणि याच किनाऱ्यावर कधी चेष्टेत, कधी चेष्टा नसताना, आम्हाला एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही इथे आलात कधी, आणि कोणत्या वाटेने?

या प्रश्नाचे उत्तर सभेत घसा कोरडा करून देता येत नाही. ते पुस्तकांत आहे, आणि योगायोग असा की त्यातली बरीच पुस्तके याच किनाऱ्याविषयी आहेत. म्हणून आम्हाला वाटते, सुट्टीला जाताना जिथे जायचे त्या गावाचे पुस्तक पिशवीत असावे. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालो तर ती निवड कशी करता येईल, ते पाहू.

पहिला मुक्काम डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा. हल्ली मुंबईची माणसे रविवारी या किनाऱ्यावर येतात. या गावात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट इंद्र तिसरा याच्या काळचा हा संस्कृत लेख. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार सम्राटाच्या वतीने एक ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे येते. अभ्यासक सांगतात, हे ‘मुहंमद’ या नावाचे संस्कृत रूप आहे. या मधुमतीने लोकांसाठी फुकट तरी सुरू केल्या आणि वाटसरूंना भात, कालवण, तूप मिळावे म्हणून अन्नछत्र घातले. अन्नैया नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या, देवीच्या पूजेशी जोडलेल्या मठाला त्याच्याच कारकिर्दीत जमीन दान मिळाली. दि. चं. सरकारांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला आहे. त्याचे चार-सहा पानांचे भाषांतर झेरॉक्स करून नेले तरी एका दुपारीचे वाचन होते.

तरी येथेच सावध झाले पाहिजे. एका ताम्रपटाने हजार वर्षांचा सलोखा सिद्ध होत नाही. तो एका अधिकाऱ्याचा, एका काळाचा कागद आहे. पण या किनाऱ्यावरचे पहिले मुसलमान तलवार घेऊनच उतरले, हा सरसकट दावा मात्र त्याने खोटा पडतो. तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, जास्त घेऊ नये.

दुसरा मुक्काम चौल-रेवदंड्याचा. अरबांनी या बंदराला ‘सैमूर’ म्हटले. बगदादचा इतिहासकार मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, येथे येऊन गेला. ‘मुरूजुज्जहब’ या ग्रंथात तो सांगतो की येथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि काही ‘बयासिरा’. हा शब्द तो स्वतःच उलगडून देतो: हिंदच्या भूमीत मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. म्हणजे एक हजार शंभर वर्षांपूर्वी चौलमध्ये असे मुसलमान होते, ज्यांची जन्मभूमी हीच होती आणि ज्यांना ओळखायला वेगळा शब्द लागत होता. त्या वेळचा राजा शिलाहार झंझ. मुसलमानांचे आपसांतले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

याच चौलसाठी दुसरे पुस्तक आहे ते खरोखर सुट्टीचे. रामहुर्मुझचा नाखुदा बुजुर्ग बिन शहरयार याने दहाव्या शतकात खलाशांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी ‘अजायबुल हिंद’ या नावाने जमवल्या. त्यात प्रचंड पक्षी आहेत, राक्षसी साप आहेत, वादळे आहेत. अबहरा नावाचा कप्तान आहे, जो होडीत एकटा तरंगत असतानाही दुसऱ्याच्या जहाजावर चढायला राजी होत नाही. आधी जहाजाचा ताबा द्या, मग चढतो, म्हणतो. आणि ताबा मिळताच माल समुद्रात फेकायला लावून, डोलकाठी तोडून सगळ्यांचे प्राण वाचवतो. लहान मुलांना रात्री ओटीवर वाचून दाखवावे असे हे पुस्तक.

पण त्याच पुस्तकात सैमूरचा एक किस्सा आहे, तो मोठ्यांनी वाचावा. सिराफच्या एका खलाशाने तिथल्या देवळात मूर्तीची विटंबना केली आणि तो पकडला गेला. दरबारी म्हणाले, याला हत्तीच्या पायी द्या. राजा म्हणाला, नाही, या लोकांशी आपला करार आहे, त्यांच्या हुनरमनला विचारा की मशिदीत कोणी असे केले तर तुम्ही काय शिक्षा कराल. हुनरमन अब्बास बिन माहान याने उत्तर दिले: मृत्यू. त्याप्रमाणे शिक्षा झाली. नंतर हा अब्बास गुपचूप सैमूर सोडून निघून गेला. या गोष्टीत राजाचा न्याय आहे, आपल्या माणसाची बाजू न घेणारा काझी आहे, आणि त्या काझीच्या मनातली भीतीही आहे. आमच्या आजच्या सभांमधली किती भाषणे एवढी प्रामाणिक असतात?

तिसरा मुक्काम दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले हे बहमनी आणि मग आदिलशाही बंदर. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळले, कत्तल केली. ही हकिकत पोर्तुगीजांच्याच लेखकांकडून मिळते. दहा वर्षांच्या आत लिहिणारा दुआर्ते बार्बोसा या विध्वंसाचा उल्लेख करतो, आणि मारले गेलेल्यांत मुसलमान आणि हिंदू दोन्ही होते हे लपवीत नाही. त्याच्या जोडीला मलबारच्या शेख जैनुद्दीन मखदूमचे ‘तुहफतुल मुजाहिदीन’ न्यावे. १५८३ पर्यंतचा पोर्तुगीजांशी चाललेला झगडा त्यात आहे, आणि पुस्तक विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केलेले आहे. जैनुद्दीन पोर्तुगीजांचे जुलूम सांगतो, झामोरिन राजाने मुसलमानांना दिलेला आधारही सांगतो. आणि हे संकट आमच्याच लोकांच्या कृतघ्नपणामुळे व फाटाफुटीमुळे ओढवले, हेही लिहितो. स्वतःच्या समाजाला चार शब्द सुनावणे ही आमच्याकडे कालपरवा बाहेरून आलेली गोष्ट नाही, हे त्यावरून कळते.

शेवटचा मुक्काम गोवा आणि त्याच्या खालचे होन्नावर. येथे सोबतीला इब्न बतूता. १३४२ च्या सुमारास तो या किनाऱ्यावर होता. होन्नावरमध्ये त्याने मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, तिथल्या बायकांना कुराण मुखोद्गत असल्याचे तो सांगतो. मुलींना शिकवायचे की नाही यावर अजूनही वाद घालणाऱ्यांनी हे पान उघडून ठेवावे. पण पुढची पानेही फाडू नयेत. त्याच सफरनाम्यात होन्नावरच्या सुलतानाने सिंदापूर म्हणजे गोव्यावर केलेली स्वारी आहे. बावन्न जहाजे निघाली, आणि इब्न बतूता स्वतः त्या लढाईत होता, हे तो अभिमानाने सांगतो. ज्याला शाळांचे पान हवे त्याने स्वारीचे पानही आपलेच म्हणावे लागते. शिवाय हा ग्रंथ त्याने मायदेशी परतल्यावर, १३५५ च्या सुमारास, आठवणीतून सांगून लिहवला. बुखाऱ्यात उतरवून घेतलेला मजकूर हिंदच्या समुद्रात चाच्यांनी लुटून नेला, हे त्यानेच सांगितले आहे. सांगणारा मोठा असला तरी आठवण ती आठवणच.

एवढ्यावर यादी संपवली तर ती जुन्या काळाचीच राहील. म्हणून परतीच्या गाडीसाठी एक मराठी पुस्तक: चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही १९६५ ची कादंबरी. दलवाईंच्या पुढच्या चळवळीविषयी आमच्या वाचकांत दोन तट आहेत, आणि राहतील. पण कोकणातल्या खेड्यात हिंदू आणि मुसलमान शेजारी नांदतात कसे आणि एक दिवस पेटतात कसे, हे त्या गावचाच माणूस सांगतो आहे. न पटणाऱ्या लेखकाचे एक तरी पुस्तक पिशवीत असावे, कारण घरी असताना ते वाचायचे राहूनच जाते.

या सगळ्या निवडीमागे आमचा हेतू प्रमाणपत्र गोळा करण्याचा नाही. आम्ही इथले आहोत हे सिद्ध करायला ताम्रपट लागत असेल, तर तो दोष विचारणाऱ्याचा. किनाऱ्यावरच्या भाषेलाच विचारा. ‘नाखवा’, ‘खलाशी’, ‘सुकाणू’ हे अरबी-फारसीतून आलेले शब्द कोळीबांधव बोलतात आणि कोकणी मुसलमानही बोलतात. होडी ओढताना कोणी त्यांची मुळे तपासत बसत नाही. आम्हाला पुस्तके हवीत ती आमची मुले खोट्या अभिमानात आणि खोट्या शरमेत अडकू नयेत म्हणून. ज्या मुलाने मधुमतीचे अन्नछत्र आणि सिंदापूरची स्वारी दोन्ही वाचले आहे, त्याला कोणी सहज चिथवू शकत नाही, आणि कोणी सहज खाली मानही घालायला लावू शकत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या पुरुषांनी लक्षात ठेवावी. सुट्टी सगळ्यांची म्हणतो, पण मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात बाईची सुट्टी चुलीपाशीच जाते. पिशवीत चार पुस्तके घालणार असाल तर त्यातले एक तिने निवडलेले असू द्या, आणि ते वाचायला तिला रोज एक तास मोकळा मिळेल एवढी मासळी स्वतः साफ करा. आणि निघताना पुस्तके परत आणू नका. गावच्या वाचनालयात नाहीतर शाळेच्या कपाटात ठेवून या, पुढच्या मेपर्यंत ती कोणीतरी वाचलेली असतील.