मालिशीची जोखीम : बलुत्यापासून विमापत्रापर्यंत

मालिश करताना दुखापत झाली, तर तिची भरपाई कोणी द्यावी आणि ती कोणाच्या हाती पडावी, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडात काळानुसार बदलत गेले आहे. आज यवतमाळ जिल्ह्यातील एखादा मालिश व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई विमा कंपनीने द्यावी असा करार, निवडू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर याच बदलांतून घडलेले पर्याय असतात.

धर्मशास्त्राने हा प्रश्न दंडाच्या भाषेत सोडवला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्याला रोग्याच्या दर्जाप्रमाणे दंड सांगितला आहे : पशूच्या बाबतीत सर्वांत कमी, सामान्य माणसाच्या बाबतीत मध्यम आणि राजपुरुषाच्या बाबतीत सर्वांत जास्त. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेली मिताक्षरा टीका पुढे महाराष्ट्रात व वऱ्हाडात हिंदू कायद्याचा प्रमुख आधार मानली गेली. मात्र दंड राजाकडे जमा होई. ज्याचे नुकसान झाले, त्याच्या पदरात त्यातून काही पडत नसे.

प्रत्यक्ष गावात राजदंडापेक्षा बलुत्याचे नाते अधिक प्रभावी होते. बलुते म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीला धान्याच्या रूपाने मिळणारा ठरीव वाटा. या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात आढळते. बलुतेदार न्हाव्याचे काम हजामतीपुरते नव्हते. अंग रगडणे आणि किरकोळ शस्त्रकर्म हीसुद्धा त्याच्या धंद्याची अंगे होती. बाळंतिणीचे व तान्ह्या मुलाचे अंग चोळणे, टाळू भरणे आणि शेक देणे ही कामे सुईणीकडे असत व तिला धान्य किंवा लुगडे-चोळी मिळे. प्रत्येक कामाची वेगळी किंमत ठरलेली नसल्यामुळे प्रत्येक चुकीचीही वेगळी किंमत ठरत नसे. बोलणी खावी लागत, बलुते अडवले जाई किंवा त्या घराशी असलेले नाते तुटे. जोखीम अशा रीतीने नात्यात जिरत असली, तरी हात किंवा पाय कायमचा अधू झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क त्या नात्यात नव्हता.

हा हक्क यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या अर्थकारणाबरोबर आणि वसाहतकालीन कायद्याच्या मार्गाने आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि १९०२ च्या कराराने तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. प्रदेशावरील सार्वभौमत्व नावापुरते निजामाचेच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे स्वतंत्र अधिसूचनांनी लागू करावे लागत. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत मजुरी रोखीने मिळे आणि मालक व मजूर यांच्यात गावकीचे नाते नसे. देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई मालकावर टाकली आणि तिच्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट सर्वसाधारणपणे ठेवली नाही. पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी वाहनमालकाने विमा उतरवणे सक्तीचे करण्याची तरतूद केली. दायित्व विम्याची सर्वसामान्यांना ओळख मुख्यतः मोटारीमुळे झाली.

अंगसेवेच्या व्यवसायाला ही चौकट ग्राहक कायद्यामुळे लागू झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेबद्दल भरपाई मागण्याची सोय जिल्हा पातळीवर केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात सशुल्क वैद्यकीय सेवाही या कायद्याखाली येते असा निर्णय दिला. आता १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. बलुत्याऐवजी रोख पैसे घेणारा मालिश व्यावसायिक हा या अर्थाने सेवा पुरवठादार ठरतो.

विमा निवडताना म्हणूनच पहिला भेद जोखमीच्या प्रकाराचा करावा लागतो. चुकीच्या दाबामुळे स्नायू दुखावला किंवा हाड मोडले, तर तो प्रश्न व्यावसायिक क्षतिपूर्ती विम्याचा असतो. तेल सांडलेल्या फरशीवर ग्राहक घसरला, तर तो सार्वजनिक दायित्व विम्याचा असतो. भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक पदार्थांपुरता मर्यादित असल्याने नावातील साम्यावरून या विम्याशी त्याची गल्लत करू नये. दुसरा भेद काळाचा आहे : ‘दावा-आधारित’ विमापत्रात दावा विम्याच्या मुदतीत दाखल व्हावा लागतो आणि मूळ घटना विमापत्रात नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते, त्यामुळे नूतनीकरण चुकल्यास जुन्या कामाचे संरक्षणही जाऊ शकते. एका दाव्याची व वर्षभराची कमाल रक्कम, वकिलाचा खर्च त्या रकमेत धरला आहे की वेगळा, स्वतः सोसावयाची वजावट आणि हाड बसवण्यासारखी वगळलेली कामे या बाबी हप्त्याच्या आकड्यापूर्वी पाहाव्या लागतात. फौजदारी दंड मात्र विम्यातून भरला जात नाही.

दंडाचे पैसे राजाकडे जात होते, बलुत्याच्या व्यवस्थेत ते कोणाकडेच जात नव्हते आणि आजचा कायदा ते हानी सोसणाऱ्याला देऊ करतो. परंतु कायद्याने हक्क मान्य केला, तरी प्रत्यक्ष भरपाई देणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून राहते. विमा कंपनी शिक्षण, नोंदणी आणि कामाचे स्वरूप विचारते, तर घरोघरी जाऊन बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईचे कौशल्य बहुधा अनुभवातून आलेले असते व त्याचा कागद नसतो. तिच्यावर कायद्याचे दायित्व येऊ शकते, पण ते पेलण्यासाठी तिच्यामागे पूर्वीचे गाव नाही आणि आजची कंपनीही नाही. या व्यवसायातील कौशल्याची नोंद आणि प्रमाणपत्र देणारी सोय तिच्यापर्यंत पोहोचली, तरच विम्याची निवड हा शहरातल्या मालिश केंद्राच्या चालकापुरता प्रश्न न राहता तिचाही प्रश्न होईल.