गाडीमागची गाडी

बैलगाडीत पोती भरताना घरातला जाणता माणूस आधी एक गोष्ट पाहतो : ओझे पुढे किती नि मागे किती. मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांचा गळा आवळतो. पुढे जास्त झाले तर मान दबते. आपल्या नित्याचा हा हिशेब इंग्लंडातल्या लोकांना मोटारीमागे घर जोडताना नव्याने शिकावा लागला. त्याची ही हकिगत.

१८८५ च्या उन्हाळ्यात डॉ. गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टराने ‘वाँडरर’ नावाचे चाकांवरचे घर दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसला नेले. वजन सुमारे २ टन, ओढायला दोन घोडे. घोडा दमला की थांबतो. ओझ्याची मर्यादा जनावरच सांगते.

१९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडायचे घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, बांधायला घेतले. मोटार दमत नाही, ओढीतच राहते. फसगत होते ती इथेच. कारण ओढणे सोपे, आवरणे कठीण! उतारावर मागचे घर पुढच्या मोटारीला रेटते. आडवा वारा लागला की ते सापासारखे वळवळू लागते, आणि मोटार हलकी असेल तर तिलाही फरफटत नेते.

म्हणून तीन हिशेब ठरले. पहिला कारखानदाराचा : मोटारीने किती ओढावे आणि दोन्ही गाड्यांचे मिळून वजन किती असावे, याच्या मर्यादा तो ठरवून देतो, त्या ओलांडायच्या नाहीत. दुसरा जाणत्यांचा : भरलेले घर मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या शेकडा ८५ च्या आत असावे. मोटार १५०० किलोची, तर घर १२७५ किलोपर्यंत. हा कायदा नव्हे, सल्ला आहे. पण कारखानदाराचा आकडा याहून कमी असेल, तर तोच पाळायचा. तिसरा आपल्या ओळखीचा : घराच्या वजनापैकी शेकडा ५ ते ७ भार पुढच्या जोडावर यावा. कमी आला तर गाडी उलाळ!

ब्रिटनमध्ये १९९७ पासून नव्या चालकांना जड गाडी ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतची ओढगाडी नेता येते. पण मोटारीची मर्यादा काही वाढलेली नाही. परीक्षक बाजूला झाला, जबाबदारी चालकावर आली.

पाण्याची टाकी, गॅसची टाकी, तंबू, डबे : एकेक वस्तू हलकी, मिळून जड. नजरेने अंदाज चुकतो. तेव्हा उसाची गाडी जशी काट्यावर चढते, तसे हे घरही निघण्यापूर्वी भरल्यानिशी काट्यावर चढवावे. काटा भीड धरीत नाही, म्हणूनच तो खरा सोबती.