माळ्यावरील रुमाल

अष्टागरातील जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. वाटण्या होतात, वाडी विकली जाते, आणि माळ्यावरील पेटारा उघडण्याचा प्रसंग येतो. त्यातून तांब्याची भांडी, शिवराया, क्वचित आंग्र्यांच्या टांकसाळीतील अलिबागी रुपयाही निघतो. नाण्यास गिऱ्हाईक तत्काळ मिळते. रुमालात बांधलेले मोडी कागद मात्र रद्दीच्या तागडीत पडतात.

अशा कागदांचे मोल पेण तालुक्यातील वरसईकरांस तरी सांगावयास नको. तेथील विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनार्थ उत्तरेत गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुष्कळ वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती हकीकत लिहून काढली. इंग्रज सरकारच्या धास्तीने त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. ‘माझा प्रवास’ १९०७ साली निघाला, तोही वैद्यांनी भाषा बदलून व काटछाट करून. छपाई झाल्यावर वैद्यांनी मूळ बाड टाकून दिले असते, तर दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली अस्सल पाठ कोठून मिळता?

इतिहासाचार्य राजवाडे हेही वरसईचेच. घरोघरचे रुमाल धुंडाळून त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली व १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले.

आपल्या घरी रुमाल निघाल्यास चिकटलेल्या घड्या बळेच उलगडू नयेत, उन्हात वाळवू नयेत. मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. घरात जागा नसेल, तर मंडळाकडे धाडावा.