क्षयरोग नियंत्रण : निदानसाधनांचा इतिहास

क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमांत रोगनिदानाची साधने कशी आली, कोणती टिकली व कोणती वर्ज्य ठरली, याचा आढावा येथे घेतला आहे. साधन प्रयोगशाळेत अचूक ठरले, तरी रुग्ण प्रथम जेथे येतो तेथे ते वापरता येईलच असे नाही. या साधनांचा इतिहास बव्हंशी या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे.

क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. त्सील व नेल्सन यांनी सुधारलेल्या रंजन पद्धतीमुळे रुग्णाच्या बेडक्यातील जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येऊ लागले. क्ष-किरणांच्या शोधानंतर (१८९५) छातीचे चित्र घेणे शक्य झाले. ब्राझीलमधील मानुएल द आब्रेऊ यांनी १९३६ मध्ये लहान फिल्मवर चित्र घेण्याची स्वस्त पद्धती प्रचारात आणली व अनेक देशांत निरोगी दिसणाऱ्या लोकांचीही सामुदायिक तपासणी होऊ लागली.

भारतात १९५५–५८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत हा रोग शहरांइतकाच खेड्यांतही पसरल्याचे आढळले. खेड्यांत मात्र क्ष-किरण यंत्रे, वीज व तज्ञ यांची वाण होती. बंगलोर येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे डी. बॅनर्जी व एस. अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात अभ्यास केला (१९६३). निम्म्याहून अधिक रुग्ण आपल्या लक्षणांसाठी आधीच दवाखान्यांत जाऊन आले होते. परंतु बहुधा खोकल्याचे औषध घेऊन ते परतले होते. दाराशी आलेल्या रुग्णाचा बेडका तपासणे हे घरोघर शोध घेण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे, असा याचा अर्थ होता. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात म्हणून सूक्ष्मदर्शकास मध्यवर्ती स्थान मिळाले. १९९७ पासून विस्तारलेल्या सुधारित कार्यक्रमाने सु. १ लाख लोकवस्तीस, तर डोंगराळ व आदिवासी भागांत ५० हजारांस, एक सूक्ष्मदर्शक केंद्र हे प्रमाण ठरविले.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. बेडक्यात जंतू विरळ असल्यास ते दिसत नाहीत आणि औषधरोध कळत नाही. संवर्ध पद्धती अधिक संवेदनशील असली, तरी निष्कर्षास कित्येक आठवडे लागतात. या उणिवेचा फायदा घेऊन रक्तातील प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या खाजगी क्षेत्रात फोफावल्या. त्यांचे निष्कर्ष अविश्वसनीय असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांविरुद्ध शिफारस केली व भारताने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. साधन स्वीकारण्याइतकेच ते नाकारणेही नियंत्रणाचा भाग असते, हे यावरून दिसते.

जंतूचे डीएनए ओळखणारी जीनएक्स्पर्ट ही चाचणी २०१० मध्ये पुढे आली. मुंबईसह चार देशांत झालेल्या परीक्षणात, सूक्ष्मदर्शकाने न सापडलेल्या पण संवर्धाने सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी सु. ७२ टक्के रुग्ण तिच्या एकाच तपासणीत ओळखले गेले. ती सु. दोन तासांत रिफाम्पिसिनाचा रोधही दर्शविते. मात्र आफ्रिकेतील चार देशांतील परीक्षणात (२०१४) उपचार लवकर सुरू झाले, तरी रुग्णांच्या आजाराच्या तीव्रतेत फरक आढळला नाही. कारण डॉक्टर लक्षणांवरूनही उपचार सुरू करीत होते.

या यंत्रास अखंड वीज व नियंत्रित तापमान लागते. ही अडचण ओळखून बंगळूरच्या बिगटेक संस्थेने विकसित केलेली व गोव्यातील वेर्णा येथे मोलबायो कंपनीने निर्माण केलेली ट्रूनॅट ही विद्युत् घटावर चालणारी चाचणी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीस पात्र ठरली. वेर्ण्याच्या उत्तरेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या आंबोलीसारख्या गावी तिचे महत्त्व कळते. अतिवृष्टी व दरडींमुळे घाटरस्ता अडला, की सावंतवाडीस किंवा ओरोसला नमुना पाठविणे लांबते. रुग्णाची तेवढ्या दिवसांची मजुरीही बुडते.

यंत्र गावाजवळ आले, तरी त्याचे संच, दुरुस्ती, प्रशिक्षित तंत्रज्ञ व औषधांचा अखंड पुरवठा ही साखळी अतूट राहावी लागते. यांपैकी एक दुवा तुटला, तर अचूक निदानही केवळ नोंदवहीतच राहते.