घाणेरी : बागेसाठी आणलेलं झुडूप रानभर कसं पसरलं?

पुणे जिल्ह्यात डोंगरउतारांवर, रस्त्याकडेला, कुंपणांत दिसणारी घाणेरी (काही भागांत टणटणी) मूळची इथली नाही. व्हर्बेनाच्या कुळातलं हे झुडूप मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. सतराव्या शतकात डचांनी ते युरोपात नेलं. तिथल्या माळ्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करून रंगीबेरंगी वाण तयार केले. म्हणजे आज जंगली वाटणारी घाणेरी बऱ्याच अंशी माणसानेच घडवलेली आहे! भारतात ती १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली.

पुढचं काम पक्ष्यांनी केलं. पिकलेली काळी फळं बुलबुल खातात आणि बिया लांबवर पडतात. झुडूप तोडलं, तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं.

धोका गुरांना आहे. पानांतल्या लँटाडीन या विषाने यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. उग्र वासामुळे जनावरं एरवी तिला तोंड लावत नाहीत. पण शिरूर तालुक्यातल्या केंदूरसारख्या कमी पावसाच्या गावांत चारा संपला, की हिरवं दिसेल ते खाल्लं जातं. बाहेरून नव्याने आणलेल्या जनावरांना ही ओळखच नसते, त्यामुळे त्यांना जास्त जपावं लागतं. त्यात सगळ्या वाणांत विष सारखं नसतं.